बाळंतिणीची खाडी

हुमनाबाद

समुद्रावर जाऊन आले म्हटल्यावर हुमनाबादेत ज्यानं त्यानं मला एकच विचारलं, "केवढा हाय?" मी हात पसरून दाखवायची आणि गप्प बसायची. खरं सांगायचं तर समुद्र मी नीट बघितलाच नाही. लांबून दिसला, दुपारच्या उन्हात डोळे दिपले, तेवढंच. मी बघितली ती त्याच्या कडेची एक खाडी, कुठं घोट्याएवढ्या तर कुठं कमरेएवढ्या पाण्याची. पण तिथं जे घडलं ते दुकानात उभ्या उभ्या सांगण्यासारखं नाही, आणि सांगितल्याशिवाय मला स्वस्थही बसवत नाही.

माझं स्टँडच्या मागल्या गल्लीत सुक्या मासळीचं दुकान आहे. हैदराबाद रस्त्यावरच्या लॉऱ्यांचा धूर आणि माझ्या बोंबलांचा वास त्या गल्लीत सुखानं एकत्र नांदतात. धंदा सुरू केला माझ्या आत्यानं, गयाबाईनं. आमचं मूळ घर औराद तालुक्यातल्या चिंताकीचं. आमच्या माणसांनी बौद्ध धम्म घेतला तेव्हा आजोबांनी मेलेली ढोरं ओढणं आणि गावकीची बाकीची कामं एकदम टाकली. पोटाला काहीतरी पाहिजे म्हणून आत्यानं सुकटीची पाटी डोक्यावर घेतली आणि बाजार करायला लागली. एक काम मात्र तिनं टाकलं नाही. ती सुईण होती, आणि सुईणच राहिली. कुणी म्हणालं, "गया, आता हे तरी कशाला?" तर म्हणायची, "ढोर ओढणं येगळं आन् हे येगळं. जीव आणायचं काम हाय. कामून सोडू?"

तिची ही दोन कामं एकमेकांना धरून चालली, ती पाकटीमुळं. पाकट म्हणजे चपटा, पंख पसरल्यासारखा मासा. मागं चाबकासारखी शेपटी, शेपटीवर विषारी काटा. आमच्याकडं ती जिवंत कुणी बघितलेली नाही. आम्हाला ठाऊक ते तिचे मीठ लावून वाळवलेले, पाटासारखे जाड तुकडे. तिच्या कालवणानं बाळंतिणीला दूध सुटतं असं आमच्या बाजूला मानतात. आत्या बाळंतपण उरकून घरी यायची आणि पाचवी व्हायच्या आत त्याच घरी पाकटीचा तुकडा घेऊन जायची.

मी लग्न होऊन हुमनाबादेत आले, आत्याही माझ्याजवळ राहायला आली आणि पाटीचं दुकान झालं. सगळं बरं चाललं होतं, पण दोन-तीन वर्षांपासून पाकटीचा माल बिघडला. जाड तुकड्यांच्या जागी पोत्यातून तळहाताएवढ्या अख्ख्या पाकटी यायला लागल्या, शेपटीसकट, कागदासारख्या पातळ. गिऱ्हाईक ती उन्हाकडं धरून बघायचं आणि म्हणायचं, "ह्यात खायचं काय? चिंधी दिलीस व्हय?" राजेश्वरच्या बाजारात तर एका बाईनं पुडी माझ्या अंगावर टाकली.

माल आणायचे रहीममामू. ते गुलबर्ग्याच्या गिरणीतली तूरडाळ लॉरीत भरून समुद्रकाठी नेत आणि येताना सुकी मासळी आणत. मी त्यांना बोल लावला तर ते हसले. "मैं क्या करूं बाई? जो भरके देते वो लातूं मैं. तुमे खुदीच चलके देखो ना एक बार."

ते गंमतीनं म्हणाले, पण ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, कारखान्यातून घरी आले की मी तेच बोलायची. शेवटी तेच कंटाळून म्हणाले, "जाऊन ये बाई एकदा. हितं तू राहून न राहिल्यासारखीच हाईस." जाऊबाईनं दुकान बघायचं कबूल केलं. आत्यानं कुणाला न विचारता आपलं लुगडं पिशवीत भरलं.

गुलबर्गा ते घाट

दसरा होऊन गेला होता. गुलबर्ग्याला डाळीची पोती भरली, त्यावर ताडपत्री आवळली आणि आम्ही पुढं मामूंच्या शेजारी बसलो. विजापूरकडचा रस्ता मी विस्तारानं सांगत नाही. ज्यानं आपला मुलूख बघितलाय त्यानं तो बघितलाच आहे. काळी जमीन, तूर, ज्वारी, लांबवर एखादं लिंबाचं झाड, आणि सगळीकडं मोकळं आभाळ. आत्या खिडकीतून शेतं बघून नावं ठेवत होती. "ह्याची तूर वाळायली बग. ह्यानं पाळी घातली न्हाई."

राज्याला कर्नाटक म्हणायला लागून बरीच वर्षं झाली होती, पण आत्या अजून म्हैसूरच म्हणायची. "म्हैसूर सरकारचा मुलूख संपतोय कुठं?" तिनं हुबळीला विचारलं.

"ये क्या, अब्बी तो आधा बी नै हुआ, फूफी," मामू म्हणाले.

बिदर आणि तो किनारा एकाच राज्याची दोन टोकं आहेत हे मला शाळेत नकाशावर दाखवलं होतं. नकाशावर ते अंतर वीतभर होतं.

यल्लापूर सोडलं आणि घाट लागला. माती तांबडी झाली. झाडं दोन्हीकडून रस्त्यावर आली आणि वर एकमेकांना मिळाली. आमच्याकडं माणूस कुठंही उभा राहिला तरी त्याला चारी बाजूंनी दूरवर दिसतं. इथं पाच पावलांपलीकडचं दिसेना. मला छातीवर कुणीतरी हात ठेवल्यासारखं व्हायला लागलं. आत्या तर रडकुंडीला आली. "सुमन, आभाळ कुठं गेलं गं?" म्हणाली, आणि पुढच्या वळणावर तिला भडाभडा उलटी झाली. ती नेमकी आमच्या भाकरीच्या गाठोड्यावर. ज्वारीच्या भाकरी, शेंगाची चटणी, सगळं घाटातच सोडून द्यावं लागलं. आत्याला उलटीपेक्षा भाकरी गेल्याचं दुःख जास्त झालं, आणि पुढं ते खरंही ठरलं. घाट उतरल्यावर तिला भाकरी म्हणून दिसली नाही.

खाडीचं गाव

आम्ही उतरलो ते गाव अंकोल्याच्या पलीकडं, एका खाडीच्या तोंडाशी आहे. नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या पाण्यात काय आहे ते पुढं सांगणार आहे, आणि अशा जागेचा पत्ता छापला की सगळ्यात आधी जाळीवाले वाचतात.

आमचा माल भरून देणारी देवक्का लॉरीच्या आवाजानं बाहेर आली. इतकी वर्षं तिच्या हातचं मीठ आम्ही चाखत होतो, पण तोंड पहिल्यांदाच बघत होतो. उंच, काळीसावळी, गुडघ्याच्या जरा खाली नेसलेलं लुगडं, बोटांना मिठानं पडलेल्या भेगा. "बन्नी, बन्नी," म्हणजे या, या, म्हणत तिनं आमच्या पिशव्या घेतल्या. घरात ती कोकणी बोलायची, आमच्याशी कानडी. आमची कानडी बिदरची, तिची किनाऱ्यावरची. मी एखादा शब्द बोलले की ती थांबून विचार करायची आणि मग हसायची. तरी तासाभरात आमची गाडी रुळावर आली.

शेजारची एक म्हातारी येऊन बसली. तिनं आत्याला सरळ विचारलं, "तुम्ही कोणत्या जातीचे?"

"बौद्ध," आत्या म्हणाली.

म्हातारीला ते कळलं नाही. "मासे खाता ना?"

"खातो की. इकतो बी."

"मग झालं," म्हणून म्हातारीनं पानाचा डबा पुढं सरकवला. आमच्याकडं हा प्रश्न इतक्यात कधी मिटत नाही. आत्या पान खाताना माझ्याकडं बघत होती.

जेवायला उकड्या तांदळाचा भात आणि नारळाचं, तिरफळ घातलेलं मासळीचं कालवण. तिरफळाच्या वासानं मी आधी बिचकले, मग दोनदा वाढून घेतलं. आत्यानं भाताचे लाल जाड दाणे बोटानं दाबून बघितले, मनातल्या मनात भाकरी आठवली असणार, आणि मुकाट्यानं जेवली. पाण्याची मात्र आम्हा दोघींना गंमत वाटली. दारात, मागं, आजूबाजूला पाणीच पाणी, आणि प्यायचा हंडा देवक्का टेकाडावरच्या विहिरीवरून आणत होती. आमच्या चिंताकीसारखंच, फक्त तिथं डोळ्यांना पाणी दिसत नाही म्हणून जीव कमी जळतो.

देवक्काचा नवरा मंगळूरच्या बाजूला यांत्रिक बोटीवर कामाला होता. महिन्या-दोन महिन्यांनी यायचा. घरात तिचा दीर सोमा होता, तिशीचा, कमी बोलणारा. मी मालाचा विषय काढला तेव्हा तो उठून बाहेर गेला.

"उद्या दाखवते," देवक्का म्हणाली. "तोंडानं सांगून तुला पटणार नाही."

मला त्या घरात झोप धड लागली नाही. वारा थांबत नव्हता, पाणी थांबत नव्हतं, माडाच्या झावळ्या थांबत नव्हत्या. आमच्याकडं रात्र झाली की सगळं थांबतं. इथं जग सतत हलत होतं आणि त्याबरोबर मीही.

चिखलातली पोरं

सकाळी ओहोटी होती. देवक्कानं मला आणि आत्याला खाडीच्या आतल्या अंगाला नेलं. तिथं कांदळाची झाडं पाण्यात मुळं रोवून उभी होती आणि त्यांच्या पुढं मऊ चिखल-वाळूचा मोठा उथळ पट्टा होता. देवक्कानं लुगडं वर खोचलं आणि पाण्यात उतरली. "पाय उचलायचे नाहीत. घासत चालायचं. उचलून ठेवलास तर तिच्यावर पडेल, आणि ती काटा मारेल. घासत गेलीस तर ती आपण होऊन बाजूला होते."

आम्ही तिघी घसटत चाललो. मला काहीच दिसत नव्हतं. मग देवक्कानं बोट केलं. पायापुढं तळाची वाळू होती, तिच्यात दोन मण्यांसारखे डोळे होते. मी वाकले तशी वाळू हलली, तिची तळहाताएवढी चकती झाली, कडा लहरत गेल्या आणि ती चकती हातभर पुढं जाऊन पुन्हा वाळू झाली. मग दिसायलाच लागल्या. इथं एक, तिथं दोन, कांदळाच्या मुळांशी आणखी. अवघ्या पट्ट्यात पाकटीची पोरं पांघरूण घेऊन पडली होती.

"मोठ्या बाहेर समुद्रात असतात," देवक्का म्हणाली. "पाऊस सरला की आत येतात, इथं विऊन परत जातात. इथं मोठा मासा येत नाही, पाणी कोमट, खायला बारीक झिंगा. पोरं इथंच मोठी होतात आणि मग बाहेर पडतात."

"वितात?" आत्या थांबली. "अंडी न्हाई घालत?"

"नाही. पोटातून पिल्लू येतं. आपल्यासारखं."

परत येताना आत्या इतक्या जपून पाय घासत होती की आम्ही दोघी पुढं जाऊन तिची वाट बघत उभ्या राहिलो.

वाटेत देवक्कानं बाकीचं सांगितलं. पूर्वी सगळं गाव मिळून किनाऱ्यावरून रांपणीचं मोठं जाळं ओढायचं आणि मिळेल ते वाटून घ्यायचं. यांत्रिक बोटी आल्या, मासळी बाहेरच्या बाहेर उचलली जायला लागली, रांपणी रिकाम्या यायला लागल्या. ज्यांना बोटीवर काम मिळालं ते गेले. जे राहिले ते खाडीत शिरले, बारीक डोळ्यांची जाळी घेऊन. मोठी पाकट मिळत नाही म्हणून लहान. हुबळीचा एक व्यापारी तीही घेतो, आणि त्याच पोत्यांतला वाटा आमच्याकडं येतो.

माझ्या मालाचं कोडं असं सुटलं. सुटल्यावर बरं वाटायला हवं होतं. उलट मला तिथं उभं राहवेना.

वाळूवर

त्याच दिवशी दुपारी सोमा आणि त्याच्याबरोबरचे दोघे त्या पट्ट्याच्या कडेनं जाळं ओढत किनाऱ्याला आले. आम्ही माडाच्या सावलीत बसलो होतो. जाळ्यात बारीकसारीक बरंच होतं, पण त्यात एक मोठी पाकट होती, दाराच्या फळीएवढी रुंद. वाळूवर ती पंख आपटत होती. सोमानं काठीनं शेपटी दाबली, कोयत्यानं काटा उडवला आणि तिला उलटी केली. खालून ती पांढरीशुभ्र होती.

तेवढ्यात तिच्या शेपटीच्या बुडातून काहीतरी बाहेर आलं. विड्याचं पान गुंडाळावं तशी एक गुंडाळी. ती वाळूवर पडली, जराशी थरथरली आणि उलगडली. दोन्ही पंख गुंडाळून घेतलेलं पिल्लू होतं ते. मागोमाग दुसरं आलं.

सोमाबरोबरचा एक जण हसून म्हणाला, "वरकड मिळाली."

आत्या कधी उठली ते मला कळलं नाही. "सरका," ती म्हणाली, आमच्या भाषेत, पण ती माणसं सरकली. चिंताकीत बाळंतिणीच्या खोलीच्या दारात उभ्या पुरुषांना ती हाच आवाज द्यायची. ती वाळूवर गुडघे टेकून बसली आणि त्या पांढऱ्या पोटावर तिनं हात ठेवला.

"थांब माय. अजून हाय आत."

तिनं पोटावरून हलका हात फिरवला, खाली, शेपटीकडं. तिसरं पिल्लू आलं. आत्यानं ते ओंजळीत झेललं. "सुमन, बगायलीस काय? पदर पसर."

मी पदर पसरला. तिन्ही पिल्लं पदरात घेऊन मी पाण्याकडं धावले, आणि पाण्यात शिरताना देवक्काचं सांगणं आठवून पाय घासत गेले. पदर बुडवला. पिल्लं क्षणभर तशीच राहिली. मग एकेक करून खाली गेली, तळाशी गाळाचा बारीक धूर उठला आणि विरला. पुढं काहीच दिसलं नाही.

मागं भांडण सुरू झालं होतं. आत्या म्हणत होती, "हिला बी सोड."

"आजी, आजचा माझा दिवस ह्या एकीवर आहे," सोमा म्हणाला.

"मग मी घेतली ही. सुमन, ह्याला पैसे दे."

मी दिले. घासाघीस करायचं मला सुचलं नाही. सोमानं ते घेतले, आणि तो हसला, पण ते हसू चांगलं नव्हतं. "घ्या. सोडा तिला. उद्या परत धरीन. मग परत घ्याल?"

आम्ही दोघी आणि देवक्का, तिघींनी मिळून ती जड मासळी ओढत पाण्यात नेली. ती बराच वेळ नुसती पडून होती. आत्या तिच्याशेजारी कंबरभर पाण्यात उभी राहून तिच्याशी बोलत होती, काय ते मला ऐकू आलं नाही. मग तिनं एकदम पंख मारला, आत्याच्या तोंडावर पाणी उडवलं आणि ती गेली.

"काटा परत येतो तिला," देवक्का म्हणाली.

संध्याकाळी मी आत्याशी भांडले. मला कुणावर तरी राग काढायचा होता. म्हटलं, "आपण माल घ्यायला आलाव आत्या. धंदा हाय आपला. सगळ्याच सोडायच्या तर दुकानात काय टांगू?"

आत्या ओलं लुगडं पिळत होती. "मी काय सगळ्या सोडा म्हणाले? खायचं ते खायचं. पर वियाला आलेली आन् दुधातली पोरं? आपल्याकडं गाभण शेळी कुणी कापतं व्हय?"

"सोमा म्हणतो तेही खरं हाय. एक सोडून काय झालं?"

"व्हय," आत्या म्हणाली. "तेच डोक्यात फिरायलंय माझ्या."

मीठ

दुसऱ्या दिवशी सकाळी मासळी खारवायच्या जागी गावच्या बायका जमल्या. लहान पाकटींचा ढीग पडला होता. बायका त्या चिरायच्या, मीठ चोळायच्या आणि वाळूवरच्या चटयांवर पसरायच्या. आत्या त्यांच्यात जाऊन बसली आणि आपल्या मोडक्या कानडीत बोलायला लागली. जिथं शब्द अडला तिथं मी पुरवला. ती काही शिकवायला बसली नव्हती. काल वाळूवर काय झालं ते सांगत होती, एका सुईणीनं दुसऱ्या बायकांना सांगावं तसं. पिल्लू कसं गुंडाळलेलं होतं, पोट कसं घट्ट झालं होतं, तिसरं कसं अडलं होतं. बायकांचे हात हळू झाले. त्यांनी जन्मभर पाकट चिरली होती, पण तिचं बाळंतपण असं कुणी सांगितलं नव्हतं.

परवाची पानवाली म्हातारी म्हणाली, "आमच्या वेळी पावसाळा सरला की दिवाळीपर्यंत त्या चिखलात कुणी जाळं टाकत नव्हतं. नियम नव्हता. लाज होती."

तेवढ्यात सोमा टोपली घेऊन आला. तो सगळं ऐकत होता असं दिसलं. त्यानं टोपली खाली ठेवली आणि माझ्याकडं वळला. "तुम्ही व्यापारी. तुम्ही सांगा. हा माल घेणार की नाही?"

सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. मला माझं दुकान दिसलं, मासळी टांगायचे रिकामे आकडे, आणि शेजारच्या दुकानात वळलेली गिऱ्हाइकं.

"न्हाई," मी म्हणाले. आवाज चिरका निघाला. "हातभराहून लहान पाकट मी घेणार नाही. झिंगा द्या, बांगडा द्या, बोंबील द्या. घेते. ही नको."

"हुबळीवाला घेईल."

हे खरं होतं. त्याच वेळी देवक्कानं मुठीतलं मीठ परत मडक्यात टाकलं आणि हात झटकले.

"मग हुबळीवाल्याला ओलीच नेऊन दे," ती म्हणाली. "मी मीठ लावणार नाही."

"वहिनी!"

"नाही लावणार."

सोमाचा चेहरा लाल झाला. "माझा भाऊ, तुझा नवरा, तिकडं बोटीवर बसून मोठ्या ओढतो. आयांना तो नेतो. त्याला कुणी काही म्हणत नाही. मी चार लहान धरल्या तर मी वाईट?"

देवक्का म्हणाली, "तो आला की त्यालाही विचारीन. पण माझे हात माझ्यापाशी आहेत, तेवढंच मला आवरता येतं."

पानवाल्या म्हातारीनं आपलं मडकं झाकलं. मग आणखी दोघींनी. एक बाई मात्र मान खाली घालून मीठ चोळत राहिली. तिच्या घरी दुसरं मिळवतं माणूस नव्हतं, आणि तिला कुणी काही बोललं नाही. बाकीचा ढीग उन्हात पडून राहिला. कावळे आले. दुपारी वास सुटला. संध्याकाळी सोमानं एकट्यानं खड्डा खणून तो ढीग माडांच्या बुडाशी पुरला.

पुढच्या सकाळी तो चिखलाच्या पट्ट्याकडं गेला नाही. गळ घेऊन खाडीच्या तोंडाबाहेर गेला आणि फारसं काही न घेता आला. आमच्याशी बोलला नाही. निघताना मात्र आमची झिंग्याची आणि बांगड्याची पोती त्यानंच लॉरीत चढवली.

मामूंनी अर्धी रिकामी लॉरी बघितली. "अब क्या बेचते तुम लोगां?"

"तोंड," आत्या म्हणाली.

परत

घाट चढून आल्यावर आभाळ परत मिळालं, पण माझी बेचैनी काही गेली नाही. दुकानात पाकट नाही हे कळल्यावर नेहमीच्या बायका चिडल्या. शेजारच्या दुकानात हुबळीवाल्याची लहान पाकट मिळतच होती, त्या तिकडं गेल्या. काही परत आल्या, काही आल्या नाहीत. त्या मोसमात धंदा बसला हे कबूल केलं पाहिजे. मालक म्हणाले, "तू एकटीनं सोडून समुद्र भरतो व्हय?" त्यांचंही खोटं नव्हतं.

राजेश्वरच्या बाजारात एक शेतकरी आला. त्याची लेक पहिल्या बाळंतपणाला आली होती, आणि त्या लेकीच्या जन्मालाही आत्याच सुईण होती. "गयाबाई, पाकट दे."

"न्हाई आणली."

"कामून?"

आत्यानं त्याला सांगितलं. खाडी, वाळू, तीन पिल्लं. तो ऐकून तडकला. "माणूस आन् मासा एक करायलीस व्हय? माझी लेक घरात पडलीय, आन् तू मला माशाचं बाळंतपण सांगायलीस?" आणि पाठ फिरवून गेला.

मला वाटलं, हे घर तुटलं. पण बाजार उठायच्या वेळेला तो परत आला, आमच्यासमोर उकिडवा बसला. "बरं, मग लेकीला काय घालू ते तरी सांग."

"आळिवाची खीर घाल. शेपूची भाजी. सुका झिंगा दे कालवणात. आन् मी येते उद्या, अंग चोळून देते तिचं."

त्यानं झिंगा घेतला. पिशवीची गाठ मारता मारता म्हणाला, "तीन व्हती म्हणतीस?"

"तीन."

"जगली काय?"

"ते ठाव न्हाई," आत्या म्हणाली.

वर्ष गेलं. पुन्हा दसरा झाला आणि मला घरात बसवेना. आता त्या आत आल्या असतील, एवढंच डोक्यात चालायचं. रहीममामू किनाऱ्यावरून आले तेव्हा मी त्यांना चहाही धड पिऊ दिला नाही.

देवक्कानं निरोप दिला होता. तिच्या गावच्या बायका अजून लहान पाकटीला मीठ लावत नाहीत. नवऱ्याशी तिचं कडाक्याचं भांडण झालं, तो आहे तिथंच, बोटीवरच आहे. सोमा आता दिवाळीपर्यंत बाहेर गळ टाकतो आणि वहिनीशी जेवढ्यास तेवढं बोलतो. त्या चिखलात ह्या वर्षी पाय ठेवायला जागा नाही, इतकी पोरं आहेत.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मामूंनी बशी खाली ठेवली.

"आधीच खुश नक्को होव बाई. हुबळीवाला चुप बैठा क्या? बाजू की खाडी में गया उनो. वहां के लोगां जाल डाल रैं अब. पोतियां भरके निकल रैं."

वर्षभर जे धरून ठेवलं होतं ते पलीकडच्या खाडीत सांडत होतं. मालकांचं वाक्य आठवलं, सोमाचं आठवलं.

आत्या दारात बसून झिंगा पाखडत होती. तिनं सूप बाजूला ठेवलं आणि मामूंकडं तोंड केलं.

"तिथं मीठ कोण लावतंय?"